उकिरड्याजवळची माती

शीलाबद्दल लिहायचं तर आधी सांगून टाकतो की मला तिच्या सासऱ्याचा राग आहे, आणि त्याहून जास्त माझा स्वतःचा. दारव्ह्यापासून जीपने अर्ध्या तासावरच्या एका तांड्यात ती राहते. नवरा राजकुमार लोहाऱ्याच्या एमआयडीसीत कामाला, रविवारी तेवढा घरी. चार एकर वावर सासऱ्याच्या, म्हणजे देवीलालच्या हातात. आमच्या संस्थेने तीन वर्षांपूर्वी शीलाला कृषी सखी नेमलं, आणि मातीचा नमुना कसा काढायचा हे तिला मीच शिकवलं.

शिकवलं म्हणजे काय, चार दिवसांत ती माझ्यापेक्षा बरं सांगू लागली. "वावरात नागमोडी चाला. आठ-दहा जागी वरचा काडीकचरा बाजूले करा, वीतभर खड्डा खना अन् त्याच्या कडंची माती खरवडा. सगळी मिसळून निम्मी टाका, उरलेल्यातली निम्मी टाका, अर्धा किलो राहीपर्यंत. झाडाखालची नाई, बांधावरची नाई, उकिरड्याजवळची तर बिलकुल नाई." तिच्या सांगण्यावरून सात घरांनी सोयाबीन पेरण्याआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून किती उगवतात ते मोजलं. दोन घरांचं बियाणं निम्मंही उगवलं नाही. ते त्यांनी पेरलंच नाही, आणि दुबार पेरणी टळली. तांड्यात शीलाच्या शब्दाला वजन आलं.

स्वतःच्या घरात तेवढं ते आलं नाही. त्या घरात सून सासऱ्याशी बोलत नाही. पदर पुढे ओढायचा, भिंतीकडे तोंड करायचं आणि जे काय ते सासूला, भुरीबाईला सांगायचं. समोर बसलेला देवीलाल सगळं ऐकतो, पण भुरीबाईने तेच पुन्हा म्हटल्याशिवाय ते त्याच्यापर्यंत पोचलं असं धरत नाहीत. दर फेब्रुवारीत, कापूस वेचून झाला आणि वावरात पऱ्हाटी, म्हणजे वाळली झाडं तेवढी उरली की, शीला सासूला म्हणायची, "याडी, मामाजीले सांगा, पऱ्हाटी पेटवू नका. मशीननं बारीक करून मातीत मिसळू."

"तिले सांग, जाळल्याशिवाय बोंडअळी मरत नाई," देवीलाल म्हणायचा.

"सांगा, बारीक करून गाडली का अळीबी मरते, अन् मातीले खायलेबी भेटते."

एवढं झालं की तो उठून जायचा आणि वावर पेटवायचा. कापूस एकरी पाच क्विंटलच्या पुढे जाईना, उन्हाळ्यात जमीन विटेसारखी टणक व्हायची. आपल्याच शेताची माती मरताना ती तीन वर्षं बघत होती. गावाला शहाणपण सांगून घरी येऊन भिंतीशी बोलायचं, ह्याचा तिला किती उबग आला होता ते मला माहीत आहे.

यंदा तिने ठरवलं की आपण नाही, रिपोर्टच बोलेल. नमुना काढणारी म्हणून फॉर्मवर सही करून ठेवली, आणि नेमकं नमुना द्यायच्या दिवशी मी तिला दारव्ह्याला प्रशिक्षणाला बोलावलं. पिशवी देवीलालने भरली. कुठून भरली, तर जिथे वीस वर्षं बैल बांधले आणि शेणाचा ढीग पडला, तिथून. फसवायचं त्याच्या मनातही नव्हतं. भुरीबाईने नंतर विचारलं तेव्हा तो म्हणाला, "साहेबाले दाखवाची माती हाय. पाहुन्याले कोनी फुटक्या कपात च्या देते काय?"

रिपोर्ट आला. मातीचा कस ज्यावरून कळतो तो सेंद्रिय कर्ब तांड्यातल्या बाकी जमिनींत अर्धा टक्कासुद्धा नव्हता, देवीलालच्या जमिनीत सव्वा टक्का. आकडा बघताच मला घोळ कळला. पण आमच्या साहेबांना सत्कारासाठी एक नमुनेदार शेतकरी हवाच होता, आणि मी मूग गिळून बसलो. इकडे देवीलाल रिपोर्ट घेऊन घरोघर फिरला. "पऱ्हाटी जाळून राह्यलो मी, तरी माती एक नंबर!" ज्यांनी यंदा न जाळायचं ठरवलं होतं, त्यांनीही काड्यापेट्या काढल्या.

सत्काराच्या सभेच्या आदल्या दिवशी शीला मला म्हणाली, "खरं सांगतलं तर साऱ्या तांड्यात मामाजीची मान खाली जाते. नाई सांगतलं तर सारे वावर जळते. म्या करू काय सर?"

"जाऊ दे, पुढच्या वर्षी बघू," मी म्हणालो. असं बोलायला मला पगार मिळतो.

सभा मंदिरासमोर झाली. देवीलाल खुर्चीवर, अंगावर शाल. साहेबांनी शीलाला रिपोर्ट वाचायला सांगितलं. ती पदर ओढून, सासऱ्याकडे पाठ करून उभी राहिली आणि म्हणाली, "हा नमुना चुकला हाय. म्याच काढलता. माह्या हातून उकिरड्याजवळची माती भरल्या गेली."

पिशवी भरली त्या दिवशी ती दारव्ह्याला होती. हजेरी माझ्याच वहीत होती. मी तोंड उघडलं नाही. देवीलालनेही नाही.

आठ दिवसांनी देवीलालने मशीन आणलं आणि चारही एकरांतली पऱ्हाटी बारीक करून घेतली. का, ते कुणाला सांगितलं नाही. शीलाला संस्थेने कामावरून काढलं. ते पत्र मीच टाइप केलं.

पत्र द्यायला गेलो तेव्हा शेजारच्या वावरात हंसाबाई पऱ्हाटीचा ढीग रचत होती. शीला धावत तिच्याकडे गेली. मागोमाग मी, आणि बांधावरून देवीलाल.

"काकी, जाळू नका. म्या मशीनवाल्याले बोलावतो."

"राहू दे व शीला," हंसाबाई म्हणाली. "तुले सोताच्या वावरातली माती काढता येत नाई, तू आमाले काय शिकवतं?"

सासरा मागे उभा दिसताच शीलाने पदर ओढला आणि गप्प झाली. आता खरं काय ते सांगायचं तर त्याने, नाहीतर मी. तो खाकरला. त्याने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. हंसाबाईने काडी ओढली.