मार्तंड पांढरीपांडेचे परदेशी दात

१ मार्च २०२५ रोजी मार्तंड पांढरीपांडेने राहत्या फ्लॅटचा ईसार म्हणून २,५१,००० रुपये घेतले आणि बायकोला सांगितलं नाही. ईसारपत्रावर साक्षीदार म्हणून सही माझी आहे, तेव्हा तारीख आणि रक्कम दोन्ही खात्रीच्या समजाव्यात.

ईसार म्हणजे सौदा पक्का केल्याचे आगाऊ पैसे. विकत घेणारा फिरला तर ते बुडतात. विकणारा फिरला तर त्याने दुप्पट परत करायचे, असं आमच्या कागदात स्पष्ट लिहिलं होतं. फ्लॅट त्रिमूर्तीनगरात, दुसऱ्या मजल्यावर, मार्तंड आणि प्रेमलता अशा दोघांच्या नावावर. किंमत अठ्ठावन्न लाख ठरली. रजिस्ट्री ३१ मेपर्यंत व्हायची होती. घेणारे कन्हानचे चंपतराव. त्यांचे सहा ट्रक आहेत आणि शहरात पुतण्यासाठी घर हवं होतं.

“वहिनींची सही?” मी कन्हानहून परतताना विचारलं.

“रजिस्ट्रीच्या दिवशी करेल ना बे. बत्तीस वर्षांत कोणत्या कागदावर तिने सही केली नाही, सांग.”

हे खरं होतं. वहिनींनी तोवर त्याचा एकही कागद वाचला नव्हता, हेही तितकंच खरं होतं.

मार्तंड आणि मी १९९० साली पंधरा दिवसांच्या अंतराने एका सरकारी लेखाकार्यालयात चिकटलो. दोघंही बी.कॉम. तो चौतीस वर्षं नऊ पन्नासला खुर्चीत बसला आणि सहा वाजून दहा मिनिटांनी उठला. मधल्या वेळात त्याने किती काम केलं याबद्दल मतभेद आहेत, पण खुर्चीबद्दल नाहीत. निवृत्तीच्या समारंभात साहेबांनी त्याला कार्यालयाचा आधारस्तंभ म्हटलं. शाल, श्रीफळ आणि स्टीलची बाटली दिली. मार्तंडने भाषण चालू असतानाच बाटलीच्या बुडाशी छापलेली किंमत बघितली आणि माझ्याकडे बघून मान हलवली.

त्याचं एकच व्यसन होतं, खर्रा. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून तयार होणारी ही वस्तू त्याने तीस वर्षं डाव्या गालात सांभाळली. तिने त्याचे दात सांभाळले नाहीत. निवृत्तीपर्यंत डावीकडच्या चार दाढा गेल्या होत्या, दोन हलत होत्या आणि समोरचे वरचे दोन दात कोणाच्या तरी घरी भाड्याने राहिल्यासारखे तिरपे उभे होते.

अशा अवस्थेत त्याला तो व्हिडिओ दिसला. एक गोरा म्हातारा व्हिएतनाममधल्या दा नांग नावाच्या शहरात समुद्रकिनारी बसून सांगत होता, की इथे मी महिना नऊशे डॉलरमध्ये राजासारखा राहतो आणि इथेच दात बसवून मी सत्तर टक्के पैसे वाचवले. मार्तंडने तो व्हिडिओ अकरा वेळा बघितला. बाराव्या वेळी त्याने कागद घेतला.

तो तक्ता मी तपासला आहे. नमुनेदार होता. फ्लॅट विकून आलेले अठ्ठावन्न लाख बँकेत ठेवायचे, सात टक्क्यांनी महिना ३३,८३३. पेन्शन ३१,०००. एकूण जमा ६४,८३३. दा नांगचा खर्च पंच्याऐंशीच्या भावाने ७६,५००. तूट ११,६६७. इथवर कोणीही शहाणा माणूस कागद फाडून टाकील. पण मार्तंडने खाली जमेच्या बाजूला एक ओळ घातली होती: ‘दंतलाभ ९,५२,०००’.

“हे काय?”

“दातांवरची बचत. सोळा हजार डॉलरचं काम चार हजार आठशेत. वाचले अकरा हजार दोनशे. गुणिले पंच्याऐंशी.”

मी गुणाकार करून पाहिला. बरोबर होता.

“अन् ही बचत तूट भरून काढते,” तो म्हणाला. “सहा वर्षं नऊ महिने आपण दातांवर जगून राहिलो, समज. तोवर व्याजदर वाढतील.”

मी प्रत्येक बेरजेसमोर बरोबरची खूण केली. पस्तीस वर्षं हेच काम केलंय. खालची बेरीज वरच्या आकड्यांशी जुळली की कागद पास. वरचा आकडा कुठून आला हे विचारणं आमच्या शाखेत कधी कोणाच्या वाट्याला आलं नाही.

या तक्त्याचा पहिला त्रास मार्तंडलाच झाला. फेब्रुवारीत त्याची एक हलती दाढ ठणकायला लागली. गाल टमाट्यासारखा फुगला. प्रेमलतावहिनी म्हणाल्या, धरमपेठेत डॉक्टर मेघाकडे जा, काढून टाका. तो ऐकेना.

“काढली तर तिकडचं बिल कमी होते ना,” तो मला बाजूला घेऊन म्हणाला. “बिल कमी झालं की बचत कमी. जितकं तोंड खराब तितका फायदा मोठा.”

तो सहा आठवडे लवंग चघळत, वरणभात गिळत, आपला फायदा तोंडात जपत हिंडला.

वहिनींना त्याने एवढंच सांगितलं, की महिनाभर समुद्रकिनारी राहू, दातही होतील. वहिनी मूळच्या उमरेडच्या. समुद्र त्यांनी एकदाच, गणपतीपुळ्याला, बसच्या खिडकीतून पाहिला होता. त्यांनी चार साड्या, दोन किलो भाजणी आणि इस्त्री बॅगेत भरली. “घराकडे लक्ष ठेवा भाऊजी, तुळशीला पाणी घाला,” असं म्हणून किल्ली माझ्या हातात दिली. ज्या घराच्या ईसारावर मी सही केली होती त्याच घराची किल्ली. मी ती घेतली. दुसरं काय करणार होतो?

दोघंही दोन ठिकाणी विमान बदलून २४ मार्चला पोचले. पहिले चार दिवस फोटो येत होते. समुद्र, पूल, भाताची वाटी, मार्तंडचा बंद तोंडाचा चेहरा. पाचव्या दिवशी, मी डबा खात असताना, व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर मार्तंडचा ओठ दिसला आणि ओठाच्या मागे काहीच नव्हतं.

“हमोरहे होन काहले,” तो म्हणाला.

“समोरचे दोन काढले,” मागून वहिनींचा आवाज. “अन् बाजूच्या दोन दाढा. आता हाड भरायला चार महिने, मग खिळे ठोकतील, मग दात. भाऊजी, वही काढा. मला एक हिशोब समजून नाही राहिला.”

वहिनींनी फोन आपल्याकडे वळवला. त्या दवाखान्याच्या काउंटरपाशी उभ्या होत्या. हातात एक गुळगुळीत रंगीत कागद होता.

“इथे लिहिलंय चार हजार आठशे डॉलर. म्हणजे चार लाख आठ हजार ना?”

“हो.”

“बाजूला सत्तर टक्के लिहिलंय. वरती सोळा हजार लिहून त्यावर काट मारलीय. हे सोळा हजार कुठले?”

“म्हणजे, मूळ किंमत,” मी म्हणालो.

“कुठली मूळ? ह्यांची? मग ह्यांनी सोळा हजाराला कधी विकलं? मी या पोरीला विचारते.”

काउंटरवरची मुलगी हसतमुख होती. वहिनींनी दुसऱ्या फोनवर मराठीत विचारलं, फोनने ते तिच्या भाषेत सांगितलं, मुलीने उत्तर दिलं, आणि फोनने ते आम्हाला मराठीत ऐकवलं: “ही अमेरिकेतील किंमत आहे.”

वहिनी कागदाकडे, मग नवऱ्याकडे बघत राहिल्या.

“अहो, आपण अमेरिकेचे आहोत का?”

मार्तंडने तोंडातला कापूस जिभेने दुसऱ्या गालात सरकवला.

“भाऊजी, ह्यांच्या तोंडाचा फोटो अन् एक्स-रे पाठवते. आत्ताच्या आत्ता धरमपेठेत जा अन् मेघा डॉक्टरला विचारा.”

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेलो. डॉक्टर मेघाने फोटो आणि एक्स-रे मोठा करून बघितला आणि एका कोऱ्या चिठ्ठीवर लिहिलं: १,३२,०००.

“सगळं धरून?” मी विचारलं.

“सगळं धरून. खर्रा सोडणार असतील तर. नाही तर पैसे वाळूत ओतल्यासारखे. काका, हे व्हिएतनामला काहून गेले?”

“वाचवायला.”

ती हसली नाही. मला वाटतं ती शिकलेली असल्यामुळे हसली नाही.

मी रस्त्यावर उभं राहून फोन लावला आणि आकडा सांगितला. वहिनींना वही लागली नाही. “म्हणजे वाचले काहीच नाही. वर पावणेतीन लाख जास्त.” मग आवाज दूर गेला. “ऐकलं का? चला घरी.”

आणि मग मार्तंडने, कापूस बाजूला सारून, आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक केली. तो म्हणाला, “अन् चंपतरावांना काय सांगू?”

“कोण चंपतराव?”

मग मार्तंड बोलला. चार दात नसताना माणूस हळू बोलतो, त्यामुळे सगळं समजलं. घर, अठ्ठावन्न लाख, ईसार, दुप्पट.

“साक्षीदार कोण होतं?” वहिनींनी विचारलं.

मी तेव्हा फोन ठेवला, हे मला मान्य आहे.

घर जाणार की राहणार, आता एवढाच प्रश्न होता. ते दोघं १० एप्रिलला परतले. वहिनींनी बॅगा उघडल्या नाहीत. किल्ली माझ्याकडून घेताना म्हणाल्या, “तुळस तर वाळवली नाही ना, की तीही विकली?” आणि मला चहा न विचारता चंपतरावांना फोन लावून रविवारी बोलावलं.

चंपतराव पांढरा शर्ट, पांढरी पँट आणि पांढरे बूट घालून आले. खुर्चीत बसून त्यांनी भिंतींकडे बघितलं.

“ही भिंत पाडाची म्हणतो मी,” ते म्हणाले. “हॉल मोठा होते.”

“भिंत राहील,” वहिनी म्हणाल्या. “घर विकायचं नाही.”

“आता काय वहिनी! लिहून देल्लं ना मार्तंडरावनं. अन् फिरले तं डबल. पाच लाख दोन हजार.” ते मार्तंडकडे वळले. “तुमी काहून चुप आहात गा? बोला ना.”

मार्तंडने तोंड उघडून दाखवलं. चंपतराव मागे सरकले.

“अरे बाप्पा! हे कोनं केलं?”

“व्हिएतनामनं,” वहिनी म्हणाल्या. “कागद दाखवा तुमचा.”

चंपतरावांनी घडी उघडली. वहिनींनी कागद हातात घेतला आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. वाचताना त्यांचं बोट ओळीओळीने वरून खाली सरकत होतं. शेवटी बोट थांबलं.

“घर दोघांचं. कागदावर सही एकाची. माझी कुठे आहे?”

“ते तं रजिस्ट्रीच्या टायमाले...”

“मी नाही करत. मग? तुम्ही ह्यांचं अर्धं घर घेणार? घ्या. हा हॉल तुमचा, स्वयंपाकघर माझं. संडास दोघांत. तुमचा पुतण्या सकाळी नंबर लावेल का?”

चंपतराव मोठ्यांदा हसले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, “तुमी तं अकाउंटवाले ना गा? दोघंही?”

मी मान खाली घातली.

“मले समजलं होतं,” ते म्हणाले. “बाईची सही नाही तं सौद्यात हवा आहे. म्हनून तं मी पाच लाख ईसार नाही देल्ला, अडीचच देल्ला. पन वकील, दलाल, स्टॅम्प, माहे साडेअठरा हजार गेले. ते कोन देईन?”

“ते आम्ही देऊ,” वहिनी म्हणाल्या. “दुप्पट नाही. मुद्दल अन् साडेअठरा.”

“अन् मुद्दल आहे का जाग्यावर?”

सगळ्यांनी मार्तंडकडे बघितलं. त्याने उठून कपाटातून वही आणली आणि टेबलावर ठेवली. खर्च व्यवस्थित लिहिला होता. विमान ७४,०००, व्हिसा ४,३००, महिन्याचं भाडं ३४,०००, दात काढणे आणि एक्स-रे ११,७००. एकूण १,२४,०००. शिल्लक १,२७,०००. खाली दुहेरी रेघ.

“वही मात्र साफ ठेवता,” चंपतराव म्हणाले.

वहिनींनी कागदाच्या मागे कोऱ्या जागेवर नवीन मजकूर लिहायला लावला. मजकूर त्यांनी सांगितला, मी लिहिला. सौदा रद्द, दुप्पट माफ, देणं २,६९,५००. या वेळी पहिली सही प्रेमलता मार्तंड पांढरीपांडे. मार्तंडने दुसरी केली. साक्षीदाराच्या जागी मी पेन टेकवलं तेव्हा वहिनी म्हणाल्या, “थांबा भाऊजी. आधी वाचा.” मी वाचलं.

दुसऱ्या दिवशी शिल्लक रक्कम चंपतरावांच्या खात्यात गेली. वहिनींनी आपल्या नावावरची मुदत ठेव मोडली, तिचे दंड वजा जाता १,३४,००० आले, तेही गेले. डॉक्टर मेघाच्या १,३२,००० साठी आता काहीच उरलं नव्हतं, म्हणून मार्तंडने काढता-घालता येणारी कवळी केली. ती जेवताना वाजते. खर्रा सुटला आहे, कारण सुपारी कवळीखाली जाते आणि तिथे टोचते. रोज संध्याकाळी तो बाल्कनीत बसतो आणि व्हिडिओ बघतो. फोनवर व्हिडिओ लागला की वहिनी आतून विचारतात, “कोणत्या देशाचा आहे?” आणि तो आवाज कमी करतो.

फ्लॅट दोघांच्या नावावर आहे. चंपतरावांचे ८,५०० रुपये अजून द्यायचे आहेत.