हिरव्या पडद्यापुढचा चुडा

मी कृष्णाबाई, पेणच्या बाजारात बांगड्या भरते. शेजारचा गाळा वैशालीचा, व्हिडिओ शूटिंगचा. ती माहेरची रोह्याची. चार वर्षांपूर्वी तिचा नवरा अपघातात गेला आणि महिन्याभरात तिनं त्याचा कॅमेरा गळ्यात अडकवून गाळ्याचं शटर वर केलं. लोक काय बोलायचे ते बोलले. विधवा बाई मांडवात कॅमेरा घेऊन पुढं पुढं करते म्हणजे काय? हिनं ऐकून घेतलं आणि कामं घेत राहिली. असली हट्टी बाई मी दुसरी बघितली नाय.

गेल्या मार्गशीर्षात गडब गावची दिशा माझ्याकडं चुडा भरायला आली, सोबत तिची आत्या रंभा. भरून झालं तशा दोघी वैशालीकडं गेल्या. दिशाचं लग्न रोह्याच्या सुजयशी ठरलेलं, तिथल्या हॉलात मोठ्या पडद्यावर लावायला छोटी फिल्म पाहिजे होती. वैशालीनं भिंतीवर हिरवं कापड ताणलं, त्याच्यापुढं नवरीला उभी केली. मग कॉम्प्युटर ते हिरवं काढून टाकतो आणि मागं महाल, फुलं, हवं ते बसवतो. एवढं मलापण ठाऊक हाय.

दुसऱ्या दिवशी नमुन्याचा तुकडा रंभाच्या मोबाईलवर गेला. तासाभरात रंभा रिक्षा करून पेणला हजर. आल्या आल्या फोन माझ्याच तोंडापुढं धरला. "बघ, तू भरलेला चुडा कुठं गेला?"

मागं महाल, वरून फुलं पडतायत, दिशा हसत हात वर करतेय आणि मनगटं रिकामी. बांगड्यांच्या जागी महालाचे खांब दिसत होते.

वैशालीनं बघून कपाळाला हात लावला. "मोबाईलच्या ॲपनं हिरवं म्हणून चुडापण काढला, आत्या. चूक माझी. कापड निळं लावायला पाहिजे होतं. दिशाला उद्या आणा, परत काढते."

"पोर परत तुझ्या दारात यायची नाय," रंभा म्हणाली. "तुझे हात जसे, तसेच तिचे केलेस. तीन दिवसांवर हळद आलीय. नागोठण्यापर्यंत एक घर तुला लग्नाला बोलवायचं नाय, मी बघते."

तेव्हाच मी बोलायला पाहिजे होतं. नाय बोलले, त्याची लाज अजून वाटते.

वैशालीचा आवाज जरासुद्धा चढला नाय. "मूळ शूटिंगमध्ये चुडा हाय, आत्या. फक्त कॉम्प्युटरला तो दाखवून द्यायचाय. हळदीच्या सकाळी येऊन बघा. नाय पटलं तर मी लग्नाची कामं सोडते."

मग ती सॉफ्टवेअर शोधायला बसली. मी चहा घेऊन गेले की मला ऐकवायची. मोबाईलचं ॲप बारशाला, वाढदिवसाला झकास, एक बटण दाबलं की झालं. पण हात कुठं संपतो आणि कापड कुठं सुरू होतं, ते त्याला समजवायची सोय नव्हती. दुसरं होतं महिन्याला पैसे मोजायचं. ते माणूस आपणहून ओळखतं म्हणे, पण वर्षभराचं बांधून घेत होतं आणि फुकट वापरून बघावं तर फिल्मवर त्यांचंच नाव आडवं छापून येत होतं. तिसरं फुकट आणि सगळं करणारं, पण इतकं जड की तिचा जुना कॉम्प्युटर दोनदा बंद पडला.

"घे गो महागातलं, सोडव एकदाचं," मी म्हटलं.

माझ्यावरच डाफरली. "सव्वादोन मापाच्या हाताला तुम्ही अडीचची बांगडी भरता का, मावशी? असलं काम मला वर्षात दोनदा येतं. रोज येणाऱ्यांना परवडतं ते."

तिनं फुकटातलंच धरलं. व्हिडिओची लहान, हलकी प्रत केली आणि आधी तिच्यावर काम करायला लागली, म्हणजे कॉम्प्युटर दमायचा नाय. तुकडा अठरा सेकंदांचा, सेकंदाला पंचवीस चित्रं. प्रत्येक चित्रात दोन्ही मनगटांच्या चुड्याभोवती माऊसनं रेघ ओढायची: आतलं ठेव, बाहेरचं हिरवं काढ. हात जरा हलला की रेघ परत ओढा. दोन दिवस तिनं दुसरं गिऱ्हाईक घेतलं नाय. डोळे लाल झाले, मान आखडली, पण उठायचं नाव नाय.

हळदीच्या सकाळी रंभा आली. बसली नाय. तीनदा बघितलं, पडद्याला नाक लावून बांगड्या मोजल्या. एक कमी नव्हती.

"लाव हॉलात," ती म्हणाली. "पण मांडवात तू नको. कॅमेरा दुसऱ्या कुणाला दे."

वैशालीनं कॉम्प्युटर बंद केला. "मी येणार असेन तरच फिल्म येईल, आत्या."

आता मात्र मला राहवलं नाय. "तिच्याच हातांनी तुझ्या पोरीचा चुडा परत आला, रंभा. त्याच हातांना नाव ठेवतेस?"

रंभानं पदर खोचला आणि दाराकडं वळली. मग "लग्नाला सकाळी नवाला पोच," एवढंच बोलून निघून गेली.

लग्नात वैशाली सगळ्यांच्या पुढं उभी राहून शूटिंग करत होती. फिल्म लागली तेव्हा अख्खा हॉल दिशाच्या हातांकडं बघत होता. मी मात्र कॅमेरा धरलेली ती उघडी मनगटं बघत होते. चार वर्षं शेजारी दुकान. तिनं कधी बांगडी मागितली नाय आणि मी कधी विचारलं नाय. मीपण रंभाच की.

दुसऱ्या दिवशी बांगड्यांचा डबा घेऊन तिच्या गाळ्यात गेले. "हात दे गो."

तिनं हातातला माऊस बाजूला ठेवला. मग हळूच हात पुढं केला.

"हिरव्या नको, मावशी. हिरवं बघून बघून कंटाळले."

मी लाल भरल्या.