गाभण राहिलेल्या शेवटच्या तिघी

तिला सगळे नळीवाली म्हणत. नाव जरा चमत्कारिक, पण धंदाच तसा. सशांच्या फार्मवर कृत्रिम रेतनाचं काम ती करायची, आणि ऐकून तोंड वाकडं करणाऱ्याला तोंडावर सांगायची, "पिल्लं कशी होतात ते तुम्हालाही ठाऊक आहे. मी फक्त लाजत नाही."

काम येरागबाळ्याचं नव्हे. नराचं वीर्य कोमट पाण्याच्या वेष्टनातल्या नळीत घ्यायचं, वरचा चिकट गोळा काढून टाकायचा, थेंबभर काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. आत झुंबड उडालेली दिसली की तिची कळी खुलायची. सगळं सुस्त दिसलं, तर नर कितीही देखणा असो, ती ते मोरीत ओतून मोकळी व्हायची. चांगलं निघालं की द्रावण मिसळून ते वाढवायचं आणि माद्यांकडे वळायचं.

माद्या धरायला नवरा. त्याची नोकरी सुटली तेव्हा तिनेच त्याला या कामात ओढलं होतं. तो मादी धरून शेपटी वर उचलायचा, ती वाकडी नळी अलगद आत सरकवायची, आणि ती पुढचा डोस भरेपर्यंत तो मादीच्या मांडीत सुई द्यायचा. ही सुई म्हणजे अर्धं काम. सशाच्या मादीचं बीज नराच्या संगाशिवाय सुटत नाही. नळीने भागवायचं तर ते सुईतल्या औषधाकडून करून घ्यावं लागतं. सुई नाही तर पिल्लू नाही. तिने कधी मान वळवून पाहिलं नाही. नवऱ्याच्या हातावर कसली पाळत ठेवायची?

मग परगावच्या एका नव्या फार्मवरून बोलावणं आलं. मालकीणबाई बोलायला रोखठोक होत्या. "पिंजऱ्यांची एक ओळ करून दाखवा. निम्म्या जरी गाभण राहिल्या तरी प्रयोगशाळा तुमची." राहायला खोली, हाताखाली माणसं. आजवर तिच्याकडे विश्वासाने कुणी साधी किल्लीही सोपवली नव्हती. तिथे माद्या धरायला माणसं होती. नवऱ्यासाठी मात्र काही काम ठरलेलं नव्हतं. तो म्हणाला, "जाऊ की. मी कशाला आडवा येऊ?" ती हुरळून गेली, हे कबूल करायला हवं. शेजारणीला कुंड्यासुद्धा देऊन टाकल्या.

ठरल्या दिवशी दोघं तिथे गेले, नेहमीसारखंच काम वाटून घेतलं, आणि ओळ झकास झाली. संपता संपता मालकीणबाई म्हणाल्या, "आलाच आहात तर पलीकडच्या त्या तिघीही उरकून टाका." नवऱ्याने खिशातून आणलेली औषधाची बाटली तेवढ्यात संपली होती. तिथल्या कामवाल्या बाईने कपाटातली नवी बाटली काढून दिली.

दोन आठवड्यांनी ती पोटं चाचपायला गेली. पहिली रिकामी. दुसरी रिकामी. होतं असं कधी कधी, म्हणत ती पुढे सरकली. अर्धी ओळ झाली तेव्हा ती प्रत्येकीला दोनदा चाचपू लागली. ओळ संपली, तरी बोटांना काही लागलं नव्हतं. मालकीणबाई शेजारीच उभ्या होत्या. बोलला तो नवरा, तेही खालच्या आवाजात, समजूतदारपणे.

"हिचा हात अलीकडे पूर्वीसारखा राहिला नाही, बाई. मी घरी बोलत नाही, तिला लागेल म्हणून."

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खोटं वाटलं असतं तर ती भांडली असती, पण तिला ते खरं वाटलं. मान खाली घालून तिने उरलेल्या तिघींना हात लावला. पहिलीच्या पोटात द्राक्षाएवढ्या गाठी, एकीला एक लागून. दुसरीच्याही. तिसरीच्याही.

"चला, तिघी तरी राहिल्या," मालकीणबाई म्हणाल्या. "पण एवढ्यावर नाही जमायचं. वाईट वाटून घेऊ नका."

नर तोच, नळी तीच, हात तोच. तिघींना वेगळं मिळालं होतं ते फक्त औषध.

परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसून तिने विचारलं, "बाटलीत काय होतं?"

त्याने आधी कानावर हात ठेवले, मग चिडून पाहिलं, मग बाहेर बघत बसला. बस दोन थांबे पुढे गेल्यावर म्हणाला, "पाणी."

तिला रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. राग आला, आणि रागापेक्षाही फसवले गेल्याची लाज. एवढी वर्षं ज्याच्याकडे पाठ करून ती निर्धास्त काम करत होती, त्याने बरोबर पाठच गाठली होती.

"तिथे मी कोण असतो?" तो म्हणाला. "नळीवालीचा नवरा. दिवसभर खोलीत बसून राहायचं?"

"मग थांब म्हणायचंत. तुम्ही नुसतं थांब म्हणाला असतात, तर मी थांबले असते."

"ठाऊक होतं मला."

"तरीही?"

"थांबली असतीस, आणि जन्मभर ऐकवलं असतंस की माझ्यासाठी थांबलीस. त्यापेक्षा तुला जमत नाही असं तुलाच वाटलेलं बरं."

पुढच्या थांब्यावर ती उतरली. तो थांबा त्यांचा नव्हता. तोही मागोमाग उठायला लागला, तेव्हा तिने मान वळवून त्याच्याकडे नीट पाहिलं, आणि तो पुन्हा खाली बसला.