चपला कुठी गेल्या?

आमच्या मावशीनं आयुष्यात चोरी केली ती फक्त चपलांची, आणि तीही फक्त आमच्या. एरवी बाई इतकी सरळ, की भाजीवाल्यानं चुकून जास्त टाकलेल्या मिरच्या परत करायला भर उन्हात त्याच्या मागे जाईल.

आम्ही चंद्रपूरचे. आमच्याकडे दोरीवरचे कपडे वाळायच्या आधी कोळशाच्या धुळीनं काळे व्हायचे. परीक्षा संपली की आई मला आणि धाकट्या भावाला घेऊन चामोर्शीकडच्या मावशीच्या गावी निघायची. तिथे पहाटे मोहाची उरलीसुरली फुलं वेचायची, दुपारी तेंदूची पिवळी फळं, म्हणजे आमची टेंभरं, पोट दुखेपर्यंत खायची आणि संध्याकाळी गावतळ्यात म्हशींच्या शेजारी डुंबायचं. म्हशी आमच्यापेक्षा स्वच्छ बाहेर यायच्या.

मावशीला मूलबाळ नव्हतं. वर्षभर ती उन्हाळ्याची वाट बघायची आणि उन्हाळा आला की आमच्या जायच्या दिवसाला घाबरायची. गावच्या फाट्यावर एसटी दिवसातून एकदाच यायची. निघायच्या सकाळी पिशव्या भरून व्हायच्या, डोळे पुसून व्हायचे, आणि ओसरीवर येऊन बघावं तर चपला गायब. पाहुण्याला थांबवायची ही आमच्या भागातली जुनी रीत. तोंडानं 'थांबा' सगळेच म्हणतात, मनापासून म्हणणारा चपला लपवतो. पण मावशीचा त्यात हातखंडा होता. कधी त्या कोंबड्यांच्या डालग्याखाली, कधी तांदळाच्या कोठीत, एकदा तर मोहफुलांच्या पोत्यात. त्या वर्षी शाळा सुरू झाल्यावरही भावाच्या चपलांना असा वास यायचा, की गुरुजींनी घरी कोण पितं म्हणून चौकशी केली.

आता मावशी रोज सकाळी बुद्धाच्या फोटोसमोर हात जोडून पंचशील म्हणणारी. त्यातलं दुसरं शील चोरी न करण्याचं आणि चौथं खोटं न बोलण्याचं. आईनं एकदा तिला तिथंच गाठलं.

"ताई, तू चोरी करून राह्यली."

"चोरी कशाची व? घरातली वस्तू घरातच हाये."

"मग कुठी हाये ते सांग."

"मले काऊन विचारता? शोधा."

खोटं ती बोलायची नाही. फक्त खरं सांगायची नाही. तोवर फाट्यावर लाल गाडी हॉर्न वाजवून निघून गेलेली असायची आणि मावशी निवांतपणे चुलीवर भात चढवायची. आई धुसफुसत पिशव्या उपसायची. आम्ही दोघं उड्या मारायचो.

यंदाच्या मे महिन्यात मी नवऱ्याला आणि मुलीला घेऊन गेले. मावशीचे यजमान, आमचे काका, वारल्यानंतरचा तिचा हा पहिला उन्हाळा. मीही पहिल्यांदाच स्वतःच्या गाडीनं आले होते. सूरजागडच्या खाणीतून लोहखनिज आणणाऱ्या ट्रकांची लाल धूळ खात पोहोचेपर्यंत आमची पांढरी गाडी गेरूनं सारवल्यासारखी झाली होती. मावशीनं दारात जयभीम केला, गाडीकडे एकदा बघितलं आणि म्हणाली, "आता तुमाले एसटीची गरज नाई तं." मला वाटलं, कौतुक करतेय.

दिवस भुर्रकन गेले. निघायच्या सकाळी मी मुलीला मुद्दाम सोबत घेऊन ओसरीवर आले. आता गंमत बघ, असं तिला आधीच सांगून ठेवलं होतं. बघते तर चपला जागेवर. तिघांच्याही. धूळ पुसलेल्या, जोडीजोडीनं लावलेल्या, तोंडं रस्त्याकडे.

"हे बघायचं होतं?" मुलीनं विचारलं.

आत मावशी भांडी वाजवत होती, आमच्या मागचं आवरायलाही घेतलं असावं. थकली असेल, मी मनाशी म्हटलं. किंवा तिला आता आमची सवयच राहिली नसेल. किंवा आम्ही गेलेलंच तिला बरं वाटत असेल. या शेवटच्या विचारानं मला चक्क रडू यायला लागलं. जिच्या घरून मी जन्मात कधी वेळेवर निघाले नाही, तिनं माझ्या चपला पुसून ठेवाव्यात?

मी इकडेतिकडे बघितलं, माझी डावी चप्पल उचलली आणि डालग्याखाली सरकवली. कोंबडीनं बोटाला चोच मारली, ती सोसली.

"मावशी, माही एक चप्पल दिसत नाई व!"

पदराला हात पुसत ती बाहेर आली. तिनं माझ्या पायांकडे बघितलं, डालग्यातला कलकलाट ऐकला आणि मग माझ्या तोंडाकडे बघितलं.

"कुत्र्यानं नेली असंन," मी म्हणाले. चौथं शील गेलं.

"असंन बाई," मावशी म्हणाली.

तेवढ्यात आतून नवऱ्याचा आवाज आला. "अगं, गाडीची चावी कुठे ठेवलीस? खिळ्याला नाहीये."

मी मावशीकडे बघितलं. मावशी छपराची कवेलू मोजावीत तशी वर बघत होती.

"मावशी, चाबी कुठी हाये?"

"मले काऊन विचारता? शोधा."

मी डोळे पुसत हसायला लागले. चोरावर मोर म्हणतात तो हाच. "मग चपला काऊन पुसून ठेवल्या व? मले किती वाईट वाटलं!"

"गाडीवाल्याच्या चपला लपवून का होते? बिनचपलेचे बसून जासान तुमी." आणि ती हसली, तोंडाला पदर लावून, अगदी पूर्वीसारखी.

नवरा उशा उलट्यापालट्या करत होता. मुलगी आनंदानं तांदळाच्या कोठीत डोकावत होती. आतून भाताचा वास आला. मी जाऊन बघितलं, तर चुलीवर मोठं पातेलं चढलेलं होतं, चौघांना पुरेल एवढं. मघाशी वाजत होती ती हीच भांडी.

मी ओसरीवर परत आले आणि चप्पल काढायला डालग्यापाशी वाकले.

"राहू दे व," मावशी म्हणाली. "उद्या काढजो."