साहेबालेबी यू

शहापूरला हमरस्त्याचं काम चाललं होतं, त्या वर्षी मी तिथं पाचवीला इंग्रजी शिकवत होतो. गिट्टी फोडणारी एक बाई रोज दुपारी आमच्या वर्गाच्या खिडकीखाली शिदोरी सोडायची. मुलं ‘माय नेम इज’ घोकू लागली की तिचा घास हातातच राहायचा आणि ओठ हलायचे.

एकदा जीपमधून इंजिनिअर साहेब उतरले.

“ए बाई, नाव काय तुझं?”

तिनं पदराला हात पुसले आणि ताठ उभं राहून इंग्रजीत नाव सांगितलं. ते नाव मी विसरलो, तो खणखणीत आवाज नाही. वर तिनं विचारलं, “व्हॉट इज युवर नेम?”

साहेब गडबडले. मग हसून त्यांनी आपलं पूर्ण नाव सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ती खिडकीशी आली.

“मास्तर, इंग्रजीत ‘तू’ले काय म्हनतेत?”

“यू.”

“अन् ‘तुमी’ले?”

“तेही यूच.”

“साहेबालेबी यू अन् मलेबी यू? मंग मोठी चांगली भाषा हाय जी!”

ती हसत कामावरच्या बायकांकडे धावली आणि एकेकीला बोट दाखवत म्हणू लागली, “यू! यू!” मुकादमापाशी बोट जरा अडलं. मग तिनं त्यालाही म्हटलं, “यू!”