वाढलेला दीड इंच

मामा रोज सकाळी दुकान उघडलं की आधी कापडी टेप पोलादी पट्टीवर अंथरायचा. वापरून वापरून टेप ताणली जाते, आणि मग माप खोटं येतं. दोन्हींचे आकडे जुळले की टेप गळ्यात टाकायचा, मगच चहाला हात लावायचा. हा क्रम मोडलेला मी कधी पाहिला नाही.

दुकान फुटबॉलच्या मैदानाला लागून होतं. दोन शिवणयंत्रं, कापायचं टेबल, आणि मागच्या खिडकीतून दिसणारा गोलचा खांब. संघांचे कपडे तोच शिवायचा. माझा तो सख्खा मामा. खेळणाऱ्या मुलामुलींनी त्याला आपलाही करून टाकला होता.

एका दुपारी सोळा वर्षांची एक मुलगी आली. उजवीकडून अशी सुसाट पळायची की सगळे तिला झुळूक म्हणत. हातात शॉर्ट्स होती, मांडीवर शिवण उसवलेली.

"मामा, सैल करून द्या," म्हणाली आणि तिला रडूच फुटलं.

पाच महिन्यांत तिचं वजन चार किलोंनी वाढलं होतं. सरावात शिवण टर्रकन गेली तेव्हा कोच म्हणाले होते, "झुळूक कसली, ट्रक झालाय!" रविवारच्या सामन्यातून ते तिचं नाव काढणार होते. दोन दिवस ती धड जेवली नव्हती.

मामाने समजूत वगैरे घातली नाही. "नाक पूस. सरळ उभी राहा."

मुलींची मापं मामी घ्यायची. मामा पाठमोरा बसून वहीत लिहायचा.

"कंबर साडेसव्वीस," मामी म्हणाली. "मांडी साडेएकवीस."

मामाची पेन्सिल थांबली. जुनं माप कंबर सत्तावीस, मांडी वीस.

"परत घे."

"घेतलं. तेच आहे. मला काय आज मोजता येईना झालंय?"

त्याने टेप मागून घेतली, पट्टीवर ठेवली. टेप बरोबर होती. मग तो बराच वेळ वहीकडे बघत राहिला. एखादं अवघड अक्षर अचानक लागावं तसा त्याचा चेहरा झाला.

"कंबर उतरलीय," तो हळूच म्हणाला. "सुटणारं माणूस आधी कंबरेत सुटतं गं. ही सुटली नाही, ही घडतेय. चूक माझी. जुन्याच मापावर कापून मोकळा झालो."

वही काखेत मारून तो मैदानावर गेला. आम्ही तिघी मागोमाग. कोच आकडे पाहून हसले.

"मला मामा बनवताय का?"

"ती जागा भरलेली आहे, सर. पाच महिने हिला वजन घेऊन बैठका कोणी काढायला लावल्या?"

"मीच."

"मग त्या कुठे गेल्या असतील? आणि काटा नुसतं वजन सांगतो हो, कशाचं ते सांगत नाही. हिला पळवून तरी बघा."

मोसमाच्या सुरुवातीला तीस मीटरला तिला चार सेकंद एक्याण्णव लागले होते. नंतर कोणी घड्याळ लावलंच नव्हतं. मामीने तिला आधी दोन केळी खायला लावली, अर्धा तास बसवून ठेवलं. मग तीच उसवलेली शॉर्ट्स चढवून ती रेषेवर उभी राहिली. शिट्टी झाली.

मी तिला आधीही पळताना पाहिलं होतं, पण असं नाही. पाय जमिनीला टेकत होता की जमीनच त्याला पुढे ढकलत होती, कळेना. उसवलेल्या शिवणीतून मांडीचा स्नायू क्षणभर दिसायचा, ताणलेला, जणू वेगळा जीव. पाच महिने हे सगळं तिच्या आत गुपचूप चाललं होतं, तिच्याही नकळत. माझे हात छातीशी कधी आले मला समजलं नाही.

कोचनी घड्याळ पाहिलं, पुसलं, पुन्हा पाहिलं. "चार चौऱ्याहत्तर."

 मामाने टोपी काढली. रविवारी ती खेळली.

सहा वर्षांनी मामा अंथरुणाला खिळला. दम लागायचा, बोलणं तुटक झालं होतं. एका सकाळी ती आली. मोठ्या संघात निवड झाल्याचं सांगायचं होतं. धावतच आली होती. रुंद खांद्यांनी दार भरून गेलं. तिने सांगितलं. मामा तिच्याकडे डोळे भरून बघत राहिला. दुपारी तो गेला. त्याआधी तिला म्हणाला ते एवढंच:

"बरं झालं. पंखा कमी कर गं, झुळूक आलीच आहे. आणि आत येऊन बस. दारात उजेड अडवू नकोस."