बारा नंबरचे कागद

मी अमेरिकेला निघाले त्या दिवशी माझ्या दोन्ही बॅगा तिसऱ्या मजल्यावरून पवारकाकांनी उतरवल्या. आमच्या पुण्यातल्या सोसायटीला लिफ्ट नाही. बॅग तेवीस किलोची, आणि तळमजल्यावरचे काका त्यासाठी मुद्दाम वर आले होते. समोरच्या सुमनकाकूंनी हातावर दही ठेवलं. "मोठी हो, पण तिकडचीच होऊ नकोस," म्हणाल्या. टॅक्सी खाली उभी होती, मी हसून मान हलवली.

तुझ्या एमएसचा खर्च कुणी केला, असं इकडे कुणी विचारलं की मी ऐटीत सांगायचे, "मीच. एज्युकेशन लोन." इकडे आलेले आपण सगळेच असं सांगतो, खरं ना? त्या लोनसाठी आमच्या फ्लॅटचे मूळ कागद बँकेत गहाण पडले होते. बाबांनी सह्या केल्या आणि माझ्यापुरता तो विषय संपला.

ॲरिझोनात, चँडलरला नोकरी लागली. घर घ्यायची वेळ आली तेव्हा मी फोनवर विचारलं होतं, डाउन पेमेंट करू, की आधी लोन क्लोज करू? बाबा म्हणाले, "घाई नाही गं. आधी तुझं बस्तान बसू दे." मला तेच ऐकायचं होतं. बॅकयार्डात लिंबाचं झाड असलेलं, एकही पायरी नसलेलं घर मी घेतलं.

गेल्या डिसेंबरात पुण्याला गेले, तर जिन्यातल्या बोर्डावर एक पिवळी पडलेली नोटीस दिसली. फ्लॅट नंबर बाराची मूळ कागदपत्रं उपलब्ध नसल्यामुळे पुनर्विकासाचा विषय तहकूब. बारा म्हणजे आम्ही. बिल्डर लिफ्टसकट नवी इमारत बांधायला तयार होता, पण बँक लोन फिटेपर्यंत कागद सोडेना. बाकी सगळी बिऱ्हाडं आमच्यासाठी थांबली, आणि थांबता थांबता बिल्डरच निघून गेला.

बाबा चहा गाळत म्हणाले, "सगळ्यांनीच सांगितलं, पोरीच्या कानावर घालू नका. उगाच घोर लागेल तिला."

मी इतकी चिडले की कप तसाच ठेवून बाहेर आले. बाबांवर चिडणं सोपं होतं.

बाहेर पवारकाका प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन वर येत होते. सुमनकाकूंचे गुडघे गेलेत. डॉक्टरकडे न्यायचं तर त्यांना खुर्चीत बसवून उतरवतात. एका बाजूने मी धरली. काकाही आता सत्तरीचे, प्रत्येक वळणावर थांबत होते. मी खुर्ची आणखी घट्ट धरली तसं काकूंनी मनगटावर थोपटलं.

"घाबरू नकोस गं. तुझ्या दोन बॅगांपेक्षा जड नाही मी."

त्याच आठवड्यात लोन फेडलं. पैसे खात्यात होतेच, किचन रिमॉडेल करायला ठेवलेले. भरायला वीस मिनिटं लागली. नवा बिल्डर मात्र अजून मिळालेला नाही.

हल्ली ऑफिसात मला लिफ्टमध्ये उभं राहवत नाही. जिन्याने चढते. "फिटनेस का, यार?" मैत्रीण विचारते. मी हो म्हणते.

घर म्हटलं की मला आता तो जिना आठवतो, चँडलरच्या घरात बसूनसुद्धा. दर रविवारी फोनवर विचारते, बिल्डरचं काय झालं, काकू खाली उतरल्या होत्या का?

बाबा म्हणतात, "होईल गं. घाई नाही."

मला आहे, बाबा. काकूंना तर आहेच.